‘सर, हिची उंची तर खुंटणार नाही ना?’ : जिम्नॅस्टिक्स आणि वाढत्या वयाची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना लोकलच्या आवाजात काही सुटलं असेल, तर इथे निवांत वाचा.)

गाडीत उभ्याने ऐकत असाल तर एक हात कडीला राहू द्या. आजच्या भागात उड्या भरपूर आहेत.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. यातल्या कुठल्याही उपनगरात संध्याकाळी जिम्नॅस्टिक्सच्या क्लासबाहेर जाऊन उभे राहा. दाराशी चपलांचा ढीग, खिडकीत पाण्याच्या बाटल्या, बाकावर बसलेल्या आया आणि आज्या. नवीन आलेली आई पहिला प्रश्न फीचा विचारते. दुसरा प्रश्न ती सरांना जरा बाजूला घेऊन विचारते, ‘सर, हिची उंची तर खुंटणार नाही ना?’

मी स्वतः मुलुंडला सहा वर्षं जिम्नॅस्टिक्स केलंय, आणि माझ्या आजीनेही हेच विचारलं होतं. उत्तर ठरलेलं असतं, ‘छे हो, तसं काही होत नाही.’ विषय संपला. पण या प्रश्नामागे एक मोठा इतिहास आहे, आणि तो कळला की लक्षात येतं, आई विचारते तो प्रश्न चुकीचा नाही, फक्त अपुरा आहे. काळजी करायची जागा उंचीपेक्षा वेगळी आहे. ती कुठे, ते आज बघू.

बायकांचा खेळ पोरींचा कधी झाला?

आधी एक नाव सांगते. ॲग्नेस केलेटी, हंगेरीची. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तिने जिम्नॅस्टिक्समध्ये ४ सुवर्णपदकं जिंकली. तेव्हा तिचं वय किती असेल? ३५. हो, बरोबर ऐकलंत. आज ३५ वर्षांची बाई बीमवर दिसली तर आपण व्हिडिओ फॉरवर्ड करू.

त्याच ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाची लारिसा लातिनिना २१ वर्षांची होती. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत ती खेळली, म्हणजे २९ व्या वर्षापर्यंत, आणि एकूण १८ ऑलिंपिक पदकं घेऊन गेली. मधे १९५८ ची जागतिक स्पर्धा तर तिने गरोदर असताना जिंकली. १९६८ ला मेक्सिकोत गाजलेली चेकोस्लोव्हाकियाची व्हेरा चास्लाव्स्का २६ वर्षांची होती. म्हणजे तेव्हा हा मोठ्या, पूर्ण वाढ झालेल्या स्त्रियांचा खेळ होता. नजाकत, लय, नाचासारखी हालचाल यांना त्यात मोठी जागा होती.

मग १९७२ ला म्युनिकमध्ये ओल्गा कोर्बुट आली, वय १७. आणि १८ जुलै १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये रोमानियाच्या नादिया कोमानेचीने अनइव्हन बार्सवर पूर्ण १० गुण मिळवले. गुणफलकावर १०.०० दाखवायची सोयच नव्हती, म्हणून तिथे १.०० असं झळकलं. ती होती १४ वर्षांची.

त्या एका संध्याकाळने जगभरच्या प्रशिक्षकांचा हिशोब बदलला असं म्हणायला हरकत नाही. लहान शरीर हवेत पटकन फिरतं. हे साधं विज्ञान आहे: शरीर जितकं आखूड आणि हलकं, तितकं ते फिरवायला सोपं. सलवार-कमीजमधली मुलगी गोल फिरता फिरता हात जवळ घेते तेव्हा तिचा वेग वाढतो ना, तेच. मग जसजशा कसरती अवघड होत गेल्या, तसतशा कमी वयाच्या मुलींना मागणी वाढत गेली. पोरी लहान होत्या म्हणून उड्या मोठ्या झाल्या, आणि उड्या मोठ्या झाल्या म्हणून आणखी लहान पोरी हव्याशा झाल्या.

आपल्याकडचा खांब

इकडे आपल्या मातीत वेगळीच परंपरा होती. मल्लखांब. नावातच सगळं आलं, मल्लांचा खांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं, ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. मूळ हेतू पहिलवानाच्या अंगात ताकद, पकड आणि चपळाई आणणं हा. म्हणजे ज्याने आधी दंड-बैठका मारून अंग कमावलंय, त्याच्यासाठीचा हा व्यायाम.

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली. इकडे मुंबईत दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासूनचं. तिथल्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये मल्लखांबासाठी पद्मश्री मिळाली, आणि तिथेच घडलेल्या हिमानी परबला २०२१ चा अर्जुन पुरस्कार. पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंत दोरीचा मल्लखांब करणाऱ्या मुली आज ढिगाने सापडतात. आपल्या उपनगरातल्या अनेक जिम्नॅस्टची सुरुवातही याच खांबावर, याच गादीवर होते.

हे मी का सांगतेय? कारण आपल्या आखाड्यांत एक जुनी शिस्त होती, आधी अंग तयार करा, मग करामत करा. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धात्मक जगाला हीच गोष्ट नव्याने शिकावी लागली, आणि तिची किंमत मुलींनी मोजली.

आधी अपघात, मग नियम

हा भाग जरा जड आहे.

येलेना मुखिना. सोव्हिएत संघाची, १९७८ ची जगज्जेती. १९७९ मध्ये तिचा पाय मोडला. तो नीट भरून यायच्या आत तिला पुन्हा सरावाला उतरवलं गेलं, कारण १९८० चं मॉस्को ऑलिंपिक तोंडावर होतं. जुलै १९८० मध्ये मिन्स्कला थॉमस साल्टो नावाची कसरत करताना ती मानेवर पडली. वय २०. उरलेलं सगळं आयुष्य, २००६ पर्यंत, तिने लुळ्या पडलेल्या शरीरात काढलं. पुढे ती कसरतच स्त्रियांसाठी बंद झाली.

अमेरिकेची ज्युलिसा गोमेझ. १९८८ मध्ये टोकियोतल्या एका स्पर्धेत व्हॉल्टच्या वेळी तिचा पाय स्प्रिंगबोर्डवरून सटकला. वय १५. तीन वर्षांनी ती गेली. त्यानंतर स्प्रिंगबोर्डभोवती यू आकाराची गादी ठेवायची सोय आली. आज ती तुम्ही टीव्हीवर सहज बघता, पण ती तिथे का आहे हे कुणी सांगत नाही.

२००० ला सिडनी ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टचा घोडा ५ सेंटिमीटर खाली लावला गेला. चक्क ऑलिंपिकमध्ये! एकामागून एक मुली पडत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं, चूक आपलीच. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या ॲलाना स्लेटरने सांगितलं, उंची चुकतेय, मोजा. मोजली तर खरंच. पुढच्याच वर्षी जुन्या अरुंद घोड्याच्या जागी आजचं रुंद व्हॉल्टिंग टेबल आलं. मला या गोष्टीतली स्लेटर फार आवडते. सगळ्या मुली स्वतःला दोष देत असताना एकीने उपकरणाकडे बोट दाखवलं.

वयाचंही तसंच. मोठ्या स्पर्धांसाठी किमान वय आधी १४ होतं. १९८१ पासून १५ झालं, १९९७ पासून १६. मग वयं लपवणं सुरू झालं. सिडनीत चिनी संघाने मिळवलेलं कांस्यपदक २०१० मध्ये काढून घेतलं गेलं, कारण डाँग फांगशियाओ तेव्हा फक्त १४ वर्षांची असल्याचं उघड झालं.

पण एक लक्षात घ्या, १६ चा नियम स्पर्धेच्या मॅटसाठी आहे, सरावाच्या हॉलसाठी नाही. सोळाव्या वर्षी तिथे पोचायचं तर सहाव्या वर्षी सुरुवात, आणि दहाव्या वर्षापासून रोजचे तीन-चार तास, हे गणित तसंच राहिलं. वाढीची सगळी वर्षं बरोबर त्या मधल्या काळात येतात.

मग उंचीचं काय?

आता आजीच्या प्रश्नाकडे.

१९९३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी जिम्नॅस्ट मुली आणि पोहणाऱ्या मुली यांची तुलना केली. जिम्नॅस्ट आठवड्याला सरासरी २२ तास सराव करत होत्या, पोहणाऱ्या साधारण ८ तास. जिम्नॅस्ट मुलींची वाढ मंदावलेली दिसली, आणि जड सरावामुळे उंची कमी राहू शकते असा इशारा या अभ्यासाने दिला. भीती तिथून पसरली. मुली मात्र जेमतेम वीस-बावीस होत्या.

पुढे आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या पुढाकाराने तज्ज्ञांच्या गटाने तोवरचं सगळं संशोधन तपासलं. २०१३ मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: जिम्नॅस्ट मुली उशिरा वयात येतात, त्यांची वाढ उशिरा होते, पण सरावामुळे मोठेपणची उंची कमी होते असं दिसत नाही. त्यांचे आईवडीलही सरासरीपेक्षा बुटके असतात आणि या मुली खेळ सुरू करण्याआधीच लहानखुऱ्या असतात.

सोपं करून सांगते. बास्केटबॉल खेळून कुणी सहा फूट होत नाही. उंच मुलं बास्केटबॉलमध्ये टिकतात. तसंच लहानखुऱ्या मुली जिम्नॅस्टिक्समध्ये टिकतात, उंच झालेल्या बाहेर पडतात, आणि आपल्याला टीव्हीवर टिकलेल्याच दिसतात. त्यावरून आपण समजतो, खेळानेच बुटकी केली.

तर आजीला उत्तर: योग्य खाणं आणि योग्य सराव असेल, तर उंची खुंटत नाही. उलट उड्या मारणाऱ्या, हातांवर भार घेणाऱ्या मुलींची हाडं न खेळणाऱ्या मुलींपेक्षा मजबूत होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

पण थांबा. त्या वाक्यातल्या ‘योग्य’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे.

खरी काळजी कुठे?

मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड तिथून वाढतं. ती आजूबाजूच्या हाडापेक्षा मऊ असते. वयात येताना, म्हणजे मुलींमध्ये साधारण ११ ते १३ च्या दरम्यान, उंची झपाट्याने वाढते आणि ही पट्टी सर्वात नाजूक असते. आणि नेमकं याच वयात सराव सर्वात जास्त वाढवला जातो.

जिम्नॅस्ट हातांवर चालतो. मागे उलटून हातांवर येताना एकेका मनगटावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट किंवा जास्त भार येतो. रोज, शेकडो वेळा. मनगटाजवळच्या ग्रोथ प्लेटला त्याने इजा होते, तिला ‘जिम्नॅस्ट रिस्ट’ असंच नाव आहे. दुर्लक्ष केलं तर ती पट्टी वेळेआधी बंद होऊ शकते. मग हातातल्या दोन हाडांपैकी एक वाढायचं थांबतं, दुसरं वाढत राहतं, आणि मनगटाचं दुखणं कायमचं मागे लागतं. म्हणजे ‘खुंटणं’ खरं आहे, पण ते सगळ्या अंगाचं नाही. एका हाडाचं आहे.

आमच्या क्लासमध्ये मनगटाला क्रेप बँडेज बांधून येणं ही शान होती. जिचं बँडेज मोठं, ती सीनियर. हे सगळीकडे चालायचं आणि अजून चालतं. मोठ्यांनाही त्यात कौतुकच वाटतं, ‘बघा, किती मेहनती आहे पोरगी!’

दुसरी जागा कंबर. सारखं मागे वाकल्याने मणक्याच्या मागच्या बारीक हाडाला तडा जाऊ शकतो. वाढत्या वयातल्या खेळाडूची कंबर दोन-तीन आठवडे सतत दुखत असेल, विशेषतः मागे वाकताना, तर ‘मोच आली असेल, तेल लावा’ म्हणून सोडून देऊ नका. तिसरी जागा टाच आणि गुडघ्याच्या खालचा उंचवटा. हाड वेगाने वाढतं, स्नायू मागे राहतो, तो तिथे ओढ देतो आणि दुखतं. वेळीच भार कमी केला तर हे बरं होतं.

आणि चौथी गोष्ट दिसतच नाही. पोट.

अमेरिकेची जिम्नॅस्ट क्रिस्टी हेन्रिच १९९४ मध्ये गेली, वय २२. वजनाच्या धास्तीने खाणंच सुटलं होतं. त्याच दशकात डॉक्टरांनी एक त्रिकूट मांडलं: कमी खाणं, पाळी थांबणं, हाडं ठिसूळ होणं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने याची व्याप्ती वाढवून त्याला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. अर्थ असा: शरीर जितकी ऊर्जा खर्च करतं तितकी मिळाली नाही, की ते एकेक खातं बंद करत जातं. आधी पाळी, मग हाडांची बांधणी, प्रतिकारशक्ती, झोप, मन. मुलगेही यातून सुटत नाहीत.

२०२२ मध्ये ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टिक्समधल्या गैरवर्तनावर व्हाइट अहवाल आला. त्यात मुलींना सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करणं, वजनावरून बोलणं हे सगळं नोंदलेलं आहे. वाचताना परकं वाटलं नाही. ‘काय गं, दिवाळीचा फराळ दिसतोय अंगावर’ हे वाक्य गंमत म्हणून बोललं जातं. बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात ते वर्षभर राहतं.

दीपाचा गुडघा

आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट त्रिपुराच्या दीपा कर्माकरची. सपाट तळवे असलेली मुलगी, सहाव्या वर्षी सुरुवात. १९६४ नंतर एकही भारतीय जिम्नॅस्ट ऑलिंपिकला गेला नव्हता, आणि स्त्री तर त्याआधीही नाही. २०१६ ला रिओमध्ये तिने प्रोदुनोव्हा व्हॉल्ट मारला, १५.०६६ गुण, चौथा नंबर. कांस्यपदक ०.१५ ने हुकलं. २०१७ मध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि मुंबईत शस्त्रक्रिया झाली. २०१८ ला ती परतली आणि तुर्कस्तानात वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये सुवर्ण जिंकली. २०२४ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती ३० वर्षांची होती, आणि त्याच वर्षी निवृत्त झाली.

तीस! केलेटीची आठवण झाली ना? गेल्या काही वर्षांत जगातही चित्र बदलतंय. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सिमोन बाइल्स २७ व्या वर्षी सर्वांगीण विजेती झाली. त्याआधी टोकियोत तिने ‘माझं डोकं आणि शरीर जुळत नाहीये’ अशा अर्थाचं सांगून स्पर्धेतून माघार घेतली होती. जी थांबली, तीच परत आली. थांबण्याने करिअर संपतं ही समजूत तिने मोडली.

तुमच्या क्लासमध्ये काय बघाल?

आपल्याकडे मुली जिम्नॅस्टिक्स सोडतात त्याची कारणं दोन. एक, आठवी-नववीत उंचीची आणि अभ्यासाची भीती. दुसरं, दुखणं अंगावर काढून काढून शेवटी खेळता येईनासं होणं. दोन्ही टाळता येतात. म्हणून हे ऐकणाऱ्या जिम्नॅस्टसाठी, त्यांच्या ताई-दादांसाठी काही साध्या गोष्टी.

एक. घरातल्या दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी उंचीची रेघ मारा. रेघा एकदम लांब पडू लागल्या, की वाढीचा जोर सुरू झाला. त्या दिवसांत हात-पाय लांब होतात, जमणारी उडी अचानक जमेनाशी होते. हा आळस नाही. सरांना रेघा दाखवा आणि उड्या, लँडिंग कमी करून ताकद आणि लवचिकतेवर भर द्यायला सांगा.

दोन. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातून दोन-तीन महिने, सलग नसले तरी, या खेळापासून विश्रांती. सर्वसाधारण मुलांसाठी डॉक्टर एक सोपा हिशोब सांगतात: आठवड्यातले सरावाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. दहा वर्षांची, तर दहा तास. मोठ्या स्पर्धेच्या तयारीत तास वाढतात हे मान्य, पण मग डॉक्टर आणि फिजिओची नजरही वाढायला हवी.

तीन. दुपारी एकचा डबा आणि थेट रात्री साडेनऊचं जेवण, मधे तीन तास सराव आणि गर्दीचा प्रवास. हा आपल्या उपनगरी दिवसाचा खड्डा आहे. तो भरा. सरावाआधी केळं किंवा पोळी-भाजीचा रोल, नंतर शेंगदाण्याचा लाडू, चिक्की, दूध, उकडलेलं अंडं. महागडी पावडर लागत नाही.

चार. पंधरा पूर्ण झाली तरी पाळी सुरू झाली नाही, किंवा सुरू होऊन तीन महिने थांबली, तर डॉक्टरांकडे जा. ‘खेळाडूंचं असंच असतं’ हे उत्तर स्वीकारू नका.

पाच. क्लास निवडताना भिंतीवरचे कप मोजू नका. गाद्या किती जाड आहेत, फाटलेल्या आहेत का, एका सरांकडे किती मुलं आहेत, ते बघा. आणि एक मुलगी ‘दुखतंय’ म्हणाली की सर काय करतात, ते बाकावर बसून नीट ऐका. त्या एका उत्तरात क्लास कळतो.

दहावीच्या क्रीडागुणांसाठी धावपळ करणाऱ्यांना एकच सांगते. ते गुण वर्षभरात गुणपत्रिकेवर येतात आणि पुढच्या वर्षी कुणी विचारत नाही. मनगट मात्र पन्नाशीत पोळ्या लाटतानाही तेच असतं.

आजचा भाग एखाद्या क्लासच्या ग्रुपवर जरूर टाका. आणि तुमच्या ओळखीत क्रेप बँडेज बांधून सरावाला जाणारी कुणी असेल, तर तिला एवढंच विचारा, ‘किती दिवसांपासून दुखतंय गं?’

पुढच्या भागात भेटू. तोवर उतरताना गुडघे वाकवा, गाडीतून आणि बीमवरूनही!